पाच वाजताची रिंग

माझ्याकडे फोन नव्हता आणि माझ्या मशीनला आजारी पडायची सवय होती. या दोन गोष्टींमुळे कोपरगावातल्या एका निवृत्त कालवा निरीक्षकाच्या घरात मी दोन वर्षं रोज दोनदा फोनची वाट बघत काढली. लग्न ठरलेल्या माणसानेही इतकी वाट बघितली नसेल.

नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. शहरापासून आठ किलोमीटरवर आमचा साखर कारखाना होता आणि तिथल्या शेतकी विभागात मी कॉम्प्युटरवाला होतो. विभागात एक मोठं मशीन होतं आणि त्याला जोडलेले सहा पडदे होते. मोठ्या मशीनला सर्व्हर म्हणतात, हे मी पहिल्या महिन्यात सगळ्यांना सांगून पाहिलं. पण लोक सर्व्हरलाही कॉम्प्युटर म्हणत आणि पडद्यालाही कॉम्प्युटरच. त्यामुळे ‘कॉम्प्युटर बंद पडला’ अशी हाक आली की आधी कोणता ते विचारायचं, आणि मग घाम फुटू द्यायचा की नाही ते ठरवायचं.

त्या मशीनमध्ये तालुक्यातल्या उसाची नोंद होती. कोणाचा ऊस, कोणत्या गटात, किती एकर आणि लागवड कधीची. लागवडीच्या तारखेवरून तोडीचा नंबर लागतो. तारीख आठ दिवस मागे सरकली की माणूस यादीत शंभर जणांच्या पुढे जातो. पूर्वी या नोंदी वहीत असत आणि त्या आमचे हेडक्लार्क पेन्सिलीने ठेवत. पेन्सिलच का, असं मी एकदा विचारलं होतं. चूक झाली तर खोडता येते, असं ते म्हणाले होते. चुका कोणाच्या व्हायच्या आणि कोणासाठी खोडल्या जायच्या, ते सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं. हेडक्लार्क स्वतः पैशाला शिवणारा माणूस नव्हता, पण भिडस्त इतका की मिशीवाला कोणी समोर येऊन बसला की त्याचा हात आपोआप खोडरबराकडे जाई. मशीनमध्ये पेन्सिल चालत नाही, एवढाच त्यांचा मशीनवर राग होता.

मशीनही त्यांना साथ द्यायचं. कारखान्यातला उसाचा भुसा हवेत तरंगत असतो, तो मशीनच्या पंख्यात जाऊन बसायचा. पंखा अडला की आत गरम व्हायचं आणि गरम झालं की डिस्क मान टाकायची. पहिल्या हंगामात तीनदा असं झालं. तिसऱ्या वेळी एम.डी. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांनी आवाज चढवला नाही, फाईलवर सही करता करताच ते म्हणाले, “पुढच्या हंगामाची मोळी टाकायच्या आत हे एकदा जरी बंद पडलं, तर हे गोडाऊनला आणि तुम्ही घरी.”

घरी म्हणजे जामखेडकडच्या आमच्या गावी. माझे आईवडील दर वर्षी दसरा झाला की तिथून कोयता घेऊन निघायचे आणि याच पट्ट्यातल्या फडांत उतरायचे. माझा डिप्लोमा त्या कोयत्यावर झालेला. ज्या कारखान्यासाठी आईने डोक्यावरून मोळ्या वाहिल्या, त्या कारखान्यात आपला मुलगा पंख्याखाली बसतो, हे तिने आमच्या वस्तीतल्या प्रत्येक घरात जाऊन सांगितलं होतं, आणि विहारात पौर्णिमेला जमलेल्यांना सगळ्यांना एकत्र पुन्हा सांगितलं होतं. आता मुलगा परत आला आणि कारण काय, तर दुसरा एक पंखा फिरायचा थांबला, हे मी तिला कसं सांगणार होतो? मला नोकरीची भीती होती, पण त्याहून जास्त भीती त्या वस्तीतल्या प्रत्येक घराची होती.

म्हणून मी एक युक्ती काढली. मशीनचं काही बिघडलं तर मी जिथे असेन तिथे मला कळलं पाहिजे. त्या वेळी मोठ्या शहरांत याची तयार यंत्रं मिळत असतील. मला मिळाला एका कुक्कुटपालनवाल्याच्या अंडी उबवायच्या पेटीतला जुना थर्मोस्टॅट. पेटी फार तापली की तो टक करून जुळायचा. तो मी मशीनच्या पंख्यामागे बसवला, त्याच्या दोन वायरी मशीनच्या मागच्या एका पोर्टला जोडल्या आणि एक छोटा प्रोग्राम लिहिला. थर्मोस्टॅट टक झाला किंवा डिस्क चुका करायला लागली की मशीन मोडेमवरून आपण होऊन एक नंबर फिरवणार. पिल्लांना वाचवणारा थर्मोस्टॅट आता माझी नोकरी वाचवणार होता, याचा मला फार अभिमान वाटला. हेडक्लार्कना मी हे समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त अंडी किती दिवसांत उबतात ते विचारलं.

नंबर कोणाचा, हा प्रश्न होता. फोनसाठी माझा अर्ज पडून होता आणि तो तसाच पडून राहणार हे मलाही माहीत होतं. मी शेजारच्या काकांचा नंबर सगळीकडे ‘पी. पी.’ म्हणून देत असे. त्या काळी ही पद्धतच होती. ज्याच्याकडे फोन त्याने अर्ध्या गल्लीचे निरोप घ्यायचे आणि चपला घालून सांगायला जायचं. माणसांचे निरोप घेतात तर मशीनचा का नाही, असं म्हणून मी काकांकडे गेलो.

काकांनी उभी हयात गोदावरीच्या कालव्यावर काढलेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मशीन बोलत नाही हे कळल्यावर रिंगांची खूण ठरली. फोन एकदा वाजून बंद झाला की ती एक रिंग, लगेच पुन्हा वाजून बंद झाला की दुसरी. दोन रिंगा म्हणजे पंखा, तीन म्हणजे डिस्क. फोन कोणी उचलायचा नाही, फक्त रिंगा मोजायच्या. पोचलो, पत्र मिळालं, उद्या येतो, असले निरोप सगळी दुनिया असेच फुकटात द्यायची, त्यामुळे मला हे काही नवीन समजवावं लागलं नाही. काकांनी फक्त एक प्रश्न विचारला.

“मशीनच मेलं, तर फोन कोन करनार?”

मी तीन वर्षांचा डिप्लोमा मनातल्या मनात चाळला. हा प्रश्न कुठल्याच पेपरात आला नव्हता.

काकांनी मग मला त्यांच्या कालव्याची रीत सांगितली. कालव्यावर ठिकठिकाणी चौक्या असत आणि खात्याची स्वतःची फोनची तार असे. रोज सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला प्रत्येक चौकीवरून पाण्याची पातळी कळवायची. पातळी बदललेली नसली तरी कळवायची. पाऊस असो, लग्न असो, चौकीदाराला ताप असो, आकडा आलाच पाहिजे. एखाद्या चौकीचा आकडा आला नाही की काका सायकल काढायचे. एकदा कालवा फुटला होता, तेव्हा कोणीही फोन करून सांगितलं नव्हतं, कारण तारही कालव्याबरोबरच वाहून गेली होती.

“आमच्या पाटावर बातमी आली न्हाई, हीच बातमी,” काका म्हणाले.

मी त्याच दिवशी प्रोग्राम बदलला. मशीन आता रोज आठला आणि पाचला एक रिंग देणार होतं. एक रिंग म्हणजे ठीक. रिंग आलीच नाही, तर मी सायकल काढायची. काकांनी कपाटातून पाण्याची पातळी नोंदवायची खात्याची एक कोरी गेज वही काढली आणि फोनशेजारी दोरीने पेन बांधलं. पहिल्या दिवसापासून ते नोंद करू लागले. पेन्सिलीने नव्हे, शाईने. मशीनचं घड्याळ हळूहळू मागे पडतं, हे मला त्यांच्या वहीमुळे कळलं. ‘इंजिनियर, आज तीन मिनिटं लेट’ असं ते मला फाटकातच ऐकवत, जणू मीच उशिरा कामावर आलो होतो.

पहिल्याच पंधरवड्यात दोन रिंगा आल्या. मी पिशवीत नवा पंखा टाकला आणि आठ किलोमीटर सायकल मारत गेलो. मशीन मजेत होतं. हेडक्लार्क त्याच्याशेजारी शेंगा खात होते, तेही मजेत होते. घरी येऊन पाहतो तर दोन रिंगा काकूंच्या भावाच्या होत्या. पत्र मिळालं, याची त्यांची वर्षानुवर्षांची खूण. काकूंनी मग भावाला पत्राने कळवलं की इथून पुढे तू चार दे. ते पत्र मिळाल्याचं कळवायला भावाने सवयीने पुन्हा दोन रिंगा दिल्या आणि मी पुन्हा पिशवी घेऊन गेलो.

त्यानंतर काकांनी फोनवरच्या भिंतीला खुणांचा कागद चिकटवला. मशीन एक, दोन, तीन. भाऊ चार. राहिली काकूंची मुलगी. ती संगमनेरच्या पुढे, अकोले तालुक्यात डोंगरातल्या एका गावात दिलेली होती. माहेरी येऊन परत जाताना ती अकोल्याच्या स्टँडवर उतरायची, तिथल्या बूथवरून एक रिंग द्यायची आणि पुढे जीपने गावाला जायची. गावात फोन नव्हता. तिचीही एकच रिंग आणि मशीनचीही एकच. तिची बदलू या, असं मी सुचवलं, तेव्हा काकू माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मी विषयच सोडला. लग्न झाल्यापासून ती एक रिंग देते, आणि वर्षातून येते तरी किती वेळा, असं त्यांचं म्हणणं पडलं. काकांनी कागदावर मुलीपुढे एकच लिहिलं. कालव्याच्या शिस्तीचा माणूस, पण घरातला पाट काकूंच्या ताब्यात होता.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. मशीनने खऱ्या दोन रिंगा दोनदा दिल्या आणि दोन्ही वेळा मी वेळेवर पोचलो. एम.डी. साहेबांना काही कळलं नाही. मोळी टाकून गाळप सुरू करायचा दिवस दोन आठवड्यांवर आला. मी आईला पत्र टाकलं की सगळं चांगलं चाललंय.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी शस्त्रं आणि हत्यारं पुजतात. कारखान्यात तर लोखंडच लोखंड. मिल, बॉयलर, ट्रॅक्टर, वजनकाटा, टाईपरायटर, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूचे हार. पूजलेल्या यंत्राला त्या दिवशी हात लावायचा नाही, त्यालाही विश्रांती. मी सकाळी हजर होतो आणि मशीनच्या बाबतीत कडक होतो. मशीन बंद करायचं नव्हतं, कारण त्याची डिस्क म्हातारी झाली होती आणि एकदा थांबली की पुन्हा फिरेल याची हमी नव्हती. वरच्या झाकणावर एक फूल, बास, असं मी बजावलं. हेडक्लार्कनी निमूटपणे एकच फूल ठेवलं आणि हात जोडले. त्या मशीनसमोर त्यांनी हात जोडलेले मी पहिल्यांदाच पाहिले. मला बरं वाटलं. माणूस वळला, असं मनात म्हणून मी दुपारी घरी आलो.

काकूंची मुलगी नवरात्रासाठी माहेरी आली होती आणि दसऱ्याचं सोनं सासरी वाटायचं म्हणून त्याच दुपारी निघाली. काका तिला एस.टी.त बसवून आले. पाचपर्यंत अकोले, असा हिशोब होता. काकू साडेचारपासूनच फोनसमोर पाट टाकून बसल्या.

पाचला फोन वाजला, एकदा, आणि बंद झाला. काकांनी वहीत लिहिलं, ५ – ठीक. मी माझ्या ओट्यावरून रिंग ऐकली आणि सायकलला घातलेला हार सरळ करत बसलो. काकूंनी सायकलचीही पूजा केली होती.

साडेपाच झाले. दुसरी रिंग आली नाही. मी काकांकडे गेलो तेव्हा दोघं फोनच्या दोन बाजूंना बसून त्याच्याकडे बघत होते. एकच रिंग आली होती आणि यायला दोन हव्या होत्या. ती मशीनची असेल तर मुलगी पोचलेली नव्हती. मुलीची असेल तर मशीन मेलं होतं.

मी वही ओढून घेतली. काका नेहमी मिनिट लिहायचे, आणि मशीनचं घड्याळ त्या आठवड्यात चार मिनिटं मागे होतं. मिनिट कळलं असतं तर सगळंच कळलं असतं. पण त्या दिवशी, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, त्यांनी नुसतं ५ लिहिलं होतं. मुलगी गेल्यावर घर रिकामं होतं, त्यात घड्याळाकडे कोण बघतो? काका चष्मा काढून तो धोतराने पुसत राहिले.

“माझ्या लेकीचीच हुती ती,” काकू म्हणाल्या. “मला कळतंय ना.”

फोनची घंटा सगळ्यांची सारखीच असते, हे त्या खोलीत कोणी म्हणालं नाही. आणि मला जे वाटलं ते सांगायची आजही लाज वाटते. माझ्या मनात पहिलं आलं ते असं की रिंग मशीनचीच असू दे. मोळी दोन आठवड्यांवर, आईचं पत्र पोचलेलं, मशीन जिवंत असू दे. मग काकूंच्या तोंडाकडे लक्ष गेलं आणि मी काय मागतोय ते मला उमगलं. संगमनेरच्या पुढचा रस्ता, हार घातलेली एस.टी., घाट.

“काकू, ती ताईचीच होती,” मी म्हणालो. “मशीनच बंद पडलंय. मी बघून येतो.”

मला काहीच माहीत नव्हतं. पण हे इतक्या ठामपणे म्हणालो की काकांनीही मान वर केली.

हार घातलेल्या सायकलवरून मी निघालो. पूजलेल्या सायकलला हात लावला म्हणून वाटेत दोन ओळखीच्या माणसांनी नावं ठेवली. एक किलोमीटर मशीन मेलेलं असू दे असं म्हणायचो आणि पुढचा किलोमीटर जिवंत असू दे असं. दोन्ही मनापासून. फाटकाशी पोचलो तेव्हा मला नेमकं काय हवं आहे ते देवाने विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं.

शेतकी विभागाचं दार उघडलं तर आत लखलखाट. मशीनभोवती लाल-हिरव्या दिव्यांची माळ सोडली होती, लग्नाच्या मांडवात सोडतात तशी. आणि झेंडूचा हातभर जाड हार मशीनला पुढून मागून गुंडाळला होता. मी गेल्यावर हेडक्लार्क परत आले होते, हे उघड होतं. एका फुलावर त्यांचं समाधान झालं नव्हतं. हाराचा मागचा फेरा पंख्याने आत ओढला होता आणि पाकळ्या, दोरा, सगळं त्याच्यात अडकून पंखा ठप्प होता. झाकणाला हात लावला तर चटका बसला. पडद्यावरची अक्षरं गोठली होती, कोपऱ्यातली वेळही दुपारी तीनवर थांबली होती. मी मशीनचा मुख्य स्विच बंद केला आणि मग जमिनीवर नजर गेली.

मोडेमचा प्लग खाली पडला होता. त्याच्या जागी दिव्यांच्या माळेचा प्लग होता.

म्हणजे मशीन दुपारपासून मुकं होतं. दोन रिंगा देण्याचा प्रयत्न त्याने केलाही असेल, पण त्या बाहेर गेल्याच नव्हत्या. म्हणजे पाच वाजता मशीनने रिंग दिलीच नव्हती. म्हणजे ती रिंग मुलीची होती. मी त्या लाल-हिरव्या उजेडात एकटाच मोठ्याने हसलो. आपलं मशीन मेलेलं बघून आनंदाने टाळ्या पिटणारा कॉम्प्युटरवाला जिल्ह्यात दुसरा झाला नसेल.

आता हे काकूंना कळवायचं होतं. पण विभागाचा फोन हेडक्लार्क सुट्टीच्या दिवशी वायरीसकट काढून कपाटात कुलूपबंद करत, कोणी फुकट बोलू नये म्हणून. भिंतीत नुसती तार होती आणि तारेला मोडेम. बोलता येत नव्हतं. मी दिव्यांची माळ उपटली, मोडेमचा प्लग लावला, एक पडदा थेट मोडेमला जोडला आणि काकांचा नंबर टाईप करायला बोटं उचलली. मग थांबलो. एक रिंग दिली तर त्यांच्या कागदाप्रमाणे अर्थ होणार मशीन ठीक. मशीन ठीक म्हणजे मुलगी पोचली नाही. आणखी एक क्षण, आणि मी काकूंना मारलंच असतं.

मी नंबर फिरवला, एकदा वाजू दिलं, तोडलं. पुन्हा फिरवला, वाजू दिलं, तोडलं. दोन रिंगा. पंखा बिघडला. मशीनच्या जागी बसून मशीनचा निरोप मीच दिला.

पुढचं मला घरी गेल्यावर कळलं. पहिली रिंग आली तेव्हा काकू फोनवर झेपावल्या आणि काकांनी त्यांचा हात धरून ठेवला. मोजू दे, म्हणाले. एक झाली आणि मग दुसरी. काका उठले, भिंतीवरच्या कागदावर बोट ठेवून त्यांनी मोठ्याने वाचलं, पंखा. म्हणजे इंजिनियर म्हणाला तसं मशीनच बिघडलंय, पाचची ताईची. काकूंनी पदराने डोळे पुसले, देवापुढे साखर ठेवली आणि शेजारच्या चार घरांत वाटली. पंखा बिघडला म्हणून साखर, हे त्या चार घरांना नीट समजलं नाही, पण साखर त्यांनी घेतली. मलाही मिळाली. वहीत काकांनी पाचच्या आकड्यापुढे लिहिलं होतं, ताई पोचली. खाली लिहिलं होतं, ६.३५, दोन रिंगा, मशीन गेलं, बरं झालं.

माझं काय बरं झालं ते दसऱ्याला सकाळी कळायचं होतं. मी पिशवीतला नवा पंखा घेऊन गेलो, तोच, जो दोनदा उगाच फिरून आला होता. हेडक्लार्क आपट्याची पानं घेऊन आधीच उभे होते. मी त्यांच्या हातात पंख्यातून काढलेला झेंडूचा बोळा ठेवला.

“मी चांगल्या मनानं केलं हुतं,” ते म्हणाले.

वर्षभराचा राग माझ्या जिभेवर होता. पण त्या माणसाच्या एका हातात सोनं होतं आणि एका हातात तो बोळा. मी एम.डी. साहेबांना काही सांगणार नाही, असं म्हणालो. ते त्यांनी माझं मोठेपण मानलं. मशीन एकदा जरी बंद पडलं तर मीही घरी, ही अट ते विसरले होते आणि मी आठवण करून दिली नाही.

पंखा बसवला आणि स्विच दाबला. डिस्क फिरेना. मी टरबूज बघतात तशी तिच्या बाजूला टपली मारली. दुसरी मारली. हेडक्लार्कनी डोळे मिटले. तिसऱ्या टपलीला आतून घरघर आली, मग ती एकसारखी झाली आणि सहाही पडदे उजळले. तालुक्याचा सगळा ऊस जागेवर होता, तारखांसकट. मोळी पडली त्या दिवशी तोडीची पहिली यादी मशीनवर छापून निघाली, आणि त्या हंगामापासून मोडेमच्या प्लगला कोणी बोट लावलं तर त्याच्यावर सगळ्यांत आधी हेडक्लार्क ओरडत.

दसऱ्यानंतर चार दिवसांनी मुलीचं पोस्टकार्ड आलं. काकांनी ते आम्हा दोघांना वाचून दाखवलं. सुखरूप पोचले, असं लिहिलं होतं. पुढे लिहिलं होतं की त्या दिवशी रिंग देता आली नाही. बूथवाल्याने फोनला हार घालून ठेवला होता आणि आज हात लावायचा नाही म्हणाला. तू काळजी केली असशील.

काकांनी कार्ड उलटून पाहिलं, जणू मागे काही खुलासा असेल. मग त्यांनी वही काढली, ‘ताई पोचली’ यावर एक सरळ रेघ मारली आणि पेन हातात धरून बसून राहिले. मुलगी बोलली नव्हती, मशीन बोललं नव्हतं, आणि त्या एका रिंगेवर मी टाळ्या पिटल्या होत्या आणि काकूंनी साखर वाटली होती. कोणाचा तरी चुकलेला नंबर. ती एस.टी. घाटात कुठे पडली असती, तर आम्हाला त्या संध्याकाळी तेवढाच आनंद झाला असता.

“कुनाची का असंना,” काकू म्हणाल्या. “कुनीतरी पोचलं म्हनायचं.”

मग त्या उठल्या आणि भिंतीवरच्या कागदापुढे उभ्या राहिल्या. इतके महिने मी ज्या गोष्टीसाठी त्यांच्या मागे लागायला धजलो नव्हतो, ती त्यांनी आपण होऊन केली. मशीनची एक तशीच राहू दे, पोरीला पाच लावा, असं त्यांनी काकांना सांगितलं. काकांनी शाईने लिहिलं.

दिवाळीला मुलगी पुन्हा आली आणि भाऊबीज झाल्यावर परत गेली. आम्ही तिघं फोनसमोर बसलो. पाचला मशीनची एक आली, चार मिनिटं लेट, काकांनी मिनिट लिहिलं. सव्वापाचला पुन्हा फोन वाजला. एक. दोन, आणि मी पंख्याच्या पिशवीकडे बघितलं. तीन, आणि मी उठून उभा राहिलो. चार, तेव्हा काका हळूच म्हणाले, भाऊ असेल. मग फोन थांबला. चौथ्या आणि पाचव्या रिंगेच्या मधे तो किती वेळ थांबला ते काकांच्या वहीत नाही, पण काकूंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की त्यांच्या बांगडीचा वळ दुसऱ्या दिवशीही हातावर होता. पाचवी आली तेव्हा त्यांनी ते सोडलं आणि चहा ठेवायला आत गेल्या.